पुठ्ठा मॅडम

आमच्या मॅडम गेम डिझाइन शिकवायच्या, पण त्यांच्या वर्गात कॉम्प्युटर कपाटात असायचा आणि टेबलावर कात्री, डिंक, शर्टाची बटणं आणि बेदाण्याची रिकामी खोकी. ही खोकी त्या तासगावच्या माहेराहून एसटीनं कराडला आणायच्या. ती कापूनच आम्ही पट, पत्ते आणि सोंगट्या करायचो. पुठ्ठा मॅडम हे नाव त्यांना त्यामुळंच पडलं.

"मोबाईलवरचा असू दे न्हाईतर अंगणातला, गेम आधी पुठ्ठ्यावर खेळायचा," त्या म्हणायच्या. "हितं मजा न्हाई आली तर रंगरंगोटी करून बी येत न्हाई."

माझा पहिला खेळ उसाच्या ट्रॉल्या कारखान्यावर नेण्याचा होता. मॅडमनी तो चहा आणणाऱ्या मावशींसमोर मांडला. मावशी पहिल्याच डावात अडल्या. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर मॅडमनी माझा हात दाबला.

"गप बस. उद्या गेम इकल्यावर तू काय घरोघरी सांगत फिरणार हाईस? एक नियम काढ आणि परत मांड."

मी नियम काढत गेले. शेवटी मावशी जिंकल्या आणि मॅडमनी अशा टाळ्या वाजवल्या की शेजारच्या टायपिंग क्लासची मुलं दारात आली.

पुढं एकदा माझ्या वर्गातल्या सागरचा खेळ खेळताना त्यांनी विचारलं, "आता पाळी कुणाची?" जरा वेळानं पुन्हा तेच. आम्हाला वाटलं, खेळातला दोष दाखवताहेत. ज्याची पाळी त्याच्यासमोर ठेवायला सागरनं लाल बटण आणलं. पुढच्या वेळी मॅडमनी ते उचललं, निरखलं आणि म्हणाल्या, "कुणाच्या शर्टाचं पडलं रं हे?"

त्या संध्याकाळी त्यांना न्यायला त्यांचे यजमान आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी मला आणि सागरला जिन्यात थांबवलं. "डॉक्टर म्हणत्यात, इसरायचा आजार हाय. वाढतच जानार. वर्ग आता न्हाई जमायचा. पण तुमी घरी येत जावा. खेळ मांडला की ती बोलती."

मग रविवारी आम्ही खेळ घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागलो. पत्ता वाचून खाली ठेवायच्या आत मॅडम विसरायच्या, म्हणून पत्तेच काढून टाकले. फाशावरचे ठिपके मोजताना गोंधळायच्या, म्हणून रंगांचा फासा केला. आपली सोंगटी कोणती हेच कळेना, तेव्हा सगळ्यांची मिळून एकच ठेवली. जो बदल एका रविवारी चालायचा, तो पुढच्या खेपेला अवघड झालेला असायचा.

"अगं, आपण एक नियम काढतोय तवर मॅडमचं दोन जात्यात," परतताना सागर म्हणाला.

शेवटी आम्ही नुसते रंगीत चौकोन कापून नेले. हवे तसे मांडायचे, इतकंच. मॅडमनी एक चौकोन हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. "झ्याक कापलंय," त्या म्हणाल्या. आम्हाला वाटलं, जमलं. मग त्यांनी चौकोन उलटा केला, सुलटा केला आणि माझ्याकडं पाहिलं.

"नियम काय हाय गं ह्याचा?"

सागर खिडकीकडं बघू लागला. काका चहा घेऊन दारातच थबकले.

"तुमाला वाटंल तसं ठेवा, मॅडम," मी म्हणाले.

त्या तो चौकोन हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या.