पुढच्या रांगेतली जागा

सुरैय्याबद्दल चार चांगले शब्द बोलणारा माणूस मला पनवेलमध्ये अजून भेटायचाय, आणि मीही ते पुण्य पदरात पाडून घेणार नाही. बाई भांडकुदळ होती. कुणी उपकार केले तर विसरायची, आणि कुणी खोडी काढली तर ती मात्र मरेपर्यंत लक्षात ठेवायची. बाजारात तिचा सुक्या मासळीचा ठेला होता. एकच बोंबील दोनदा हुंगणाऱ्या गिऱ्हाइकाला ती विचारायची, "घ्यायचा हाय का लगीन लावायचंय त्याच्यासंगं?" तरी लोक तिच्याकडेच जायचे, कारण माल चोख असायचा. करंजाहून तो तिचा नवरा हाफिज आणायचा. हाफिज गेल्यावर ती स्वतः जाऊन आणायला लागली.

हाफिजला मी जिवंतपणी कधी पाहिलं नाही. त्याची कबर मात्र रोज पाहते. आमची बिल्डिंग कबरस्तानाच्या भिंतीला लागून आहे, माझी गॅलरी पहिल्या मजल्यावर, आणि गॅलरीखालीच पुढची रांग. फ्लॅट घेतला तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. मी म्हटलं, हे शेजारी मोठ्याने टीव्ही लावणार नाहीत, पाण्यावरून भांडणार नाहीत. त्यांच्यापायी कोण माझ्या दारात येऊन उभं राहणार आहे याची मला काय कल्पना.

नवरा गेल्यावर घरात काढायचे इद्दतचे चार महिने दहा दिवस संपवून ती पहिल्यांदा आली ती अशी. बेल वाजली, दार उघडलं, समोर काळ्या बुरख्यातली एक धिप्पाड बाई. "गॅलरी बघायची हाय," म्हणाली. मला वाटलं वरचा फ्लॅट विकायला आहे, त्याचं गिऱ्हाईक असेल. हो म्हणायच्या आत ती चपलांसकट माझ्या स्वयंपाकघरातून गॅलरीत पोचलीसुद्धा. खाली पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि पुटपुटायला लागली. मग मध्येच थांबून माझ्याकडे वळली. "ती चादर काढा दोरीवरची. दिसत नाय."

त्या कबरस्तानात बायकांना आत जायची पद्धत नाही. पुरुष जातात, मूठमूठ माती टाकतात, जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, फुलं घालतात. बायकांनी घरी बसून दुवा मागायची. रस्त्यावरून भिंतीमुळे काही दिसत नाही. नवरा दिसावा अशी सगळ्या पनवेलात एकच जागा होती, ती माझी गॅलरी, आणि हे तिला कुणी सांगितलं त्या शहाण्याचा मी आजही शोध घेतेय.

तेव्हापासून दर जुमेरातला दुपार कलली की ती यायची. माझे गुरुवारचे कपडे घरात वाळायचे. चहा दिला तर "हा चाय हाय का काढा?" आणि नाही दिला तर "मय्यत असलेल्या घरातबी चाय मिळतो." एकदा माझं डोकं फिरलं आणि मी दार उघडलंच नाही. बाई जिन्यात बसली आणि तिथूनच मोठ्याने फातिहा म्हणायला लागली. मजल्यावरची सगळी दारं उघडली. सोसायटीचे सेक्रेटरी मला म्हणाले, "वसुंधराताई, तुमच्या पाहुण्यांना आत घ्या." माझ्या पाहुण्या! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तर हाफिज पुढच्या रांगेत कसा, हे सांगायला हवं. सुक्या मासळीचा ठेलेवाला काही मोठा माणूस नव्हता. पण तो वारला ते भर पावसाळ्यात. मागच्या बाजूला नाल्याचं पाणी भरलं होतं, म्हणून त्याला पुढे गेटाजवळ, उंचवट्यावर जागा मिळाली. त्या वेळी त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पुढे हाजीसाहेबांनी गेट बांधून दिलं, फरशीची वाट केली, नळ आणला, आणि ती रांग एकदम मानाची झाली. हाजीसाहेब म्हणजे पनवेल ते उरण ज्यांचे ट्रक पळतात ते. त्यांचा पुतण्या शहजाद कबरस्तानाच्या कमिटीचा सेक्रेटरी. शिकलेला मुलगा, बोलायला गोड, आणि अशा गोड माणसांपासून मी चार हात लांबच असते.

या शहजादच्या डोक्यात आलं की तालुक्यातल्या कबरस्तानांत कोण कोण नामवंत माणसं झोपली आहेत ते लोकांना कळायला हवं. सुरुवात स्वतःच्या गावापासून. गेटाशी संगमरवरी फलक लागला. एक जुने मुन्सफ, एक डॉक्टर, उर्दू शाळेचे पहिले हेडमास्तर, आखातात जाऊन अर्ध्या मोहल्ल्याला नोकऱ्या लावणारे एक गृहस्थ. खाली थोडी जागा कोरी ठेवलेली, आणि ती कुणासाठी हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. हाजीसाहेब त्या वेळी वाशीच्या हॉस्पिटलात होते.

त्यांच्यात कबर कायमची कुणाची नसते. पक्की बांधायची नाही, आणि बरीच वर्षं लोटली की त्याच जागेत दुसऱ्याला ठेवायचं. जुनी हाडं असली तर अदबीने एका बाजूला घ्यायची. घरचंच माणूस त्या जागी जाणार असेल तर कमिटी सहसा ऐकते. सुरैय्याची सगळी मदार यावर होती. हाफिजच्या जागेत तिला जायचं होतं, दुसरी काही इच्छाच नव्हती तिला. मुलगी फिजाच्या घरात तिचं पटत नव्हतं, दम्याने ती अर्धी झाली होती, ठेला बंद पडला होता. "जित्ता होता तवा एका खोलीत भांडलो," ती मला म्हणायची, "आता एका कबरीत भांडू. दुसऱ्या कुनासंगं मला जमायचं नाय." दुसऱ्या कुणाला तिच्याशी जमलं असतं असंही मला वाटत नाही.

शहजादने तिला घरी जाऊन सांगितलं की पुढची रांग आता नामवंतांसाठी राखून ठेवली आहे. हाफिजचाचांना इतकी वर्षं झाली, ती जागा हाजीसाहेबांसाठी ठरली आहे. "मागे चांगली जागा आहे, खाला. नाल्याला आता भिंत घातलीय."

"मंग हाजीला ठेव मागं," ती म्हणाली. "मानसं नामवंत, मंग नाल्याला कशाला घाबरतात?"

त्या दिवसापासून शर्यत सुरू झाली. माणसं जगण्यासाठी धडपडतात, ही बाई हाजीसाहेबांच्या आधी मरायला धडपडत होती. आधी गेली तर जागा तिची, कारण जागेत अजून दुसरं कुणी गेलेलं नसताना घरच्यांना नाही म्हणणं कमिटीलाही जड गेलं असतं. दर जुमेरातला धापा टाकत जिना चढायची आणि दाराशीच विचारायची, "हाजीचं काय?" मी पेपरात वाचलेलं, भाजीवालीकडून ऐकलेलं सांगायचे. ऑक्सिजन लावलाय म्हटलं तर तिचा चेहरा पडायचा. घरी सोडणार म्हटलं तर खुलायचा. औषधं तिने बंद केली होती. मी तिला चांगली झापली. "आत्महत्या तुमच्यात हराम आहे ना?" तर म्हणते, "औषध कडू हाय म्हनून नाय घेत. त्याला आत्महत्या म्हनत नाय."

हाजीसाहेब सोमवारी सकाळी गेले.

ती आली तेव्हा मी पोळ्या करत होते. थेट गॅलरीत गेली. खाली दोघे खोदणारे हाफिजच्या कबरीवरचा सब्जा उपटून बाजूला टाकत होते. तो सब्जा तिनेच एका नातवाकरवी लावून घेतला होता. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि पाण्याला नावं ठेवली नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी पोळी उतरवून वळले तर ती जिना उतरत होती, आणि पुन्हा गॅलरीत आले तर ती कबरस्तानाच्या गेटातून आत शिरत होती.

खोदणारे दोन पावलं मागे सरकले. ती सरळ हाफिजजवळ गेली, कबरीच्या कडेला फतकल मारून बसली आणि दोन्ही हात त्या मातीवर आडवे टाकले. "कुदळ मारायची तर हातावर मारा."

थोड्याच वेळात आत पंधरावीस पुरुष जमले. शहजादने हात जोडले, मग आवाज चढवला, मग पोलीस बोलावतो म्हणाला. ती ढिम्म हलली नाही. आणि तिला हलवायचं कसं? परक्या बाईच्या अंगाला हात कोण लावणार? एक म्हणाला, बायकांना बोलवा, त्या उचलून नेतील. फिजाला निरोप गेला. ती आली, बरोबर शेजारपाजारच्या चार बायका, आणि सगळ्या गेटाशी थांबल्या. त्यांना आत यायची पद्धत नव्हती ना! एक पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग हात आडवा धरून उभे. एक बाई आत शिरली ही आफत कमी आहे का, अजून पाच कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जे आत होते त्यांना हात लावता येईना, आणि ज्यांना हात लावता येत होता त्यांना आत येता येईना. मी गॅस बंद करून खुर्ची घेऊन बसले. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती.

फिजा गेटातून रडत ओरडत होती. "अम्मी, उठ ना. लोकांना तोंड कसं दाखवू मी? सासरचे काय बोलतील?" आईच्या पाठीवरची रेषही हलली नाही.

शहजादची नजर वर माझ्यावर गेली. "काकू, तुमचं ऐकते ती. तुम्ही या ना खाली, समजवा तिला."

माझं ती कधीच ऐकत नव्हती. पण मी म्हटलं, "मी पण बाईच आहे रे. तुझ्या गेटातून मला कसं सोडशील?"

जनाजा निघाल्याचा फोन आला. मय्यत ताटकळत ठेवता येत नाही. खोदणाऱ्यांनी उजव्या भिंतीशी दुसरी जागा धरली. तिथे नुसता मुरूम आणि बदामाची मुळं, कुदळ टणाटण वाजत होती. हाजीसाहेबांना तिथे ठेवलं. एवढा मोठा माणूस, एवढी गर्दी, आणि सगळ्यांच्या नजरा त्या पाठमोऱ्या बाईकडे. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. सगळे गेल्यावर ती उठली तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. गेटापर्यंत ती भिंत धरून आली, आणि फिजाने तिला दंडाला धरून रिक्षात ढकलली. हो, ढकललीच. मी पाहिलंय.

मग मोहल्ल्याने तिला वाळीत टाकल्यासारखंच केलं. सलामाला कुणी जबाब देईना. फिजाची सासू तर तिच्या हातचं पाणीही घेईना. फिजा माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली, "काकू, जन्मभर या बाईने मला लाज आणली." मला तिची कीव आली आणि रागही आला, दोन्ही.

सुरैय्या पुढच्या जुमेरातला हजर. मी विचारलं, "काय गं, एवढ्या वर्षांनी जवळून पाहिलंस. कसं वाटलं?"

"जवळनं कायच दिसत नाय," ती म्हणाली. "नुसती माती. हितनंच बरं दिसतं." मग तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच चहाला नावं ठेवली. त्या दिवशी मी चहा खरंच वाईट केला होता, कारण माझं लक्ष नव्हतं.

त्यानंतर ती फार जगली नाही. एका सकाळी फिजाचा फोन आला आणि मी गेले. घरात बायका जमल्या होत्या. आंघोळ घालून, कफनात गुंडाळून तिला चटईवर ठेवलं होतं. एवढीशी दिसत होती. मला रडू आलं याचा मला भयंकर राग आला. तेवढ्यात दाराशी शहजाद आला. आत न येता, मान खाली घालून बोलला, "फिजा, मागच्या बाजूला खोदायला सांगितलंय. पुढचं कमिटीने ठरवलेलं आहे. त्या दिवशी झालं ते झालं, आता वाद नको."

सगळ्यांना ठाऊक होतं की फिजा कधी कुणासमोर तोंड उघडत नाही. आईने दोघींच्या वाटणीचं बोलून घेतलं होतं. ती आईच्या पायांशी बसलेली होती. तिने दुपट्टा नीट केला, उठली, दाराशी गेली आणि चपला पायात घातल्या.

"कुठे चाललीस?" शहजादने विचारलं.

"अब्बांच्या जागेवर," ती म्हणाली. "बसते जाऊन."

आवाज अगदी हळू होता. शहजादने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे माझ्याकडे. मीही उठून दारातल्या चपलांच्या ढिगात माझ्या शोधत होते. माझ्यामागे आणखी दोघी उठल्या, त्यांत फिजाची सासू होती. शहजादने फोन काढला आणि खोदणाऱ्यांना पुढच्या रांगेत यायला सांगितलं.