गुडघेसर

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गुडघ्यांवर होते. सिल्व्हर पार्कजवळच्या मैदानावर, सकाळी सात वाजता, साठी ओलांडलेला एक काटकुळा माणूस गुडघ्यांवर चालत फुटबॉल खेळत होता आणि त्याच्यामागे दहा-बारा धडधाकट पुरुष, तेही गुडघ्यांवरच, धापा टाकत बॉलमागे सरपटत होते. मला वाटलं, कुणाचा नवस आहे की काय. मी आले होते लहान मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या कोचांच्या शिबिराला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलता बोलता हातानेच 'बस खाली' अशी खूण केली. त्याच सकाळी घडी मोडलेली माझी ट्रॅकपँट पाच मिनिटांत कामातून गेली.

मी बॉलपाशी पोचले तेवढ्यात समोर तावडे आले. तावडे म्हणजे एकेकाळचे गोलकीपर, आता पोट सुटलेलं. उभी असते तर मला त्यांच्या मागचं अख्खं मैदान दिसलं असतं. गुडघ्यांवरून फक्त त्यांचं पोट दिसलं. मी थांबले तसे सर जवळ येऊन म्हणाले, "सा वर्सांच्या पोराला मैदान असाच दिसतंय. आपन बाहेरून वरडतो, पास दे, पास दे. कोनाला देल तो? त्याला पोटाच्या पल्याड काय दिसतच न्हाय."

तेव्हापासून मीरा रोड-भाईंदरच्या निम्म्या कोचांसाठी ते गुडघेसर झाले. खरं आडनाव पाटील; पण त्यांच्या मुर्धा गावात जाऊन पाटील कुठे राहतात विचारलं तर प्रत्येक घरातून कोणी ना कोणी बाहेर येईल, त्यामुळे टोपणनाव सोयीचंच होतं. त्यांच्या वडिलांचा जन्म मिठागरात गेला. सर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि कारखान्याच्या टीमचे डावे बॅक. निवृत्त झाल्यावर त्यांनी पोरांना शिकवायला सुरुवात केली आणि वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की बिघाड पोरांत नाही, शिकवणाऱ्यांत आहे. मग त्यांनी शिकवणाऱ्यांना शिकवायला घेतलं. काकी तक्रार करायच्या की जगातल्या माणसांच्या पँटी मागून विरतात, आमच्या ह्यांच्या पुढून. त्यांच्या प्रत्येक पँटीला गुडघ्यावर दोन ठिगळं असत आणि ती ठिगळं घालून ते लग्नालाही जात.

शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आम्हाला गृहपाठ दिला : केबिन रोडवर तासभर उभं राहायचं आणि आईबापांबरोबर खरेदीला आलेली मुलं बघायची. बॉल न्यायचा नाही, वही न्यायची. आम्ही गेलो. भाजीवाले, चपलांची दुकानं, रिक्षांचा कलकलाट, आणि त्यात आम्ही वह्या घेऊन. एका दुकानदाराला आम्ही पालिकेची माणसं वाटलो आणि त्याने फुटपाथवरचा माल घाईघाईने आत घेतला. परत आल्यावर सरांनी विचारलं, काय दिसलं? आम्ही वह्या चाळू लागलो. मग त्यांनीच सांगितलं. सहा वर्षांचं मूल आईच्या हाताला लोंबकळत चालतं आणि प्रत्येक गोष्टीपाशी थांबतं. नऊ वर्षांचं पुढे पळत जातं आणि काय पाहिलं ते सांगायला परत येतं. तेरा वर्षांचं दहा पावलं मागून चालतं, ही माणसं आपली नाहीतच अशा चेहऱ्याने. आणि आपण ह्या तिघांनाही एकाच रांगेत उभं करून एकच शिट्टी वाजवतो, असं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले. मी आजही केबिन रोडवर गेले की कोथिंबीर विसरते आणि मुलांची वयं ओळखत बसते.

त्यांचं बोलणं सगळं असंच. सहा-सात वर्षांच्या मुलांना पासिंग शिकवायला निघालेल्या एकाला त्यांनी विचारलं होतं, ह्या वयात तू तुझा खाऊ कोणाला दिला होतास का? नाही ना, मग तो बॉल का देईल? प्रत्येकाला एकेक बॉल दे आणि बाजूला हो. बारा-तेरा वर्षांची, अचानक उंच झालेली आणि चालता चालता अडखळणारी मुलं दिसली की त्यांना फार माया यायची. कोणी कोच अशा मुलावर चिडला की सर म्हणायचे, "त्याचे पाय गेल्या म्हयन्यात बदलून आल्यात. सवय तर होऊ दे." आणि पंधराच्या पुढच्यांसाठी त्यांचा नियम एकच : आता त्याला सांगायचं नाही, विचारायचं.

मला अर्थातच हे पंधरावाले हवे होते. माझे बाबा परभणीहून नोकरीसाठी इकडे आलेले, शांती नगरच्या वन आरकेमध्ये आम्ही चौघं; त्या घरातून मी विद्यापीठाच्या टीमपर्यंत खेळले होते आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. शिबिर ज्या क्लबचं होतं त्यानेच मला कोच म्हणून घेतलं आणि दिली सहा वर्षांची बॅच. बुटांच्या नाड्या बांधणं, शेंबूड पुसणं आणि डबा कोणाचा हरवला ते शोधणं, हे माझं कोचिंग. मी मनात म्हटलं, दाखवतेच यांना.

आणि दाखवलं. तिसरा महिना होता. क्लबच्या कमिटीतले पालक रविवारी बॅच बघायला येणार होते. लहान मुलं खेळताना सगळी बॉलभोवती माश्यांसारखी गोळा होतात; ते पालकांना बरं दिसणार नाही म्हणून मी मैदान आखायची फक्की घेतली आणि प्रत्येक मुलासाठी एकेक रिंगण काढलं. हा डिफेन्स, हा मिडफिल्ड. रिंगणात उभं राहायचं, काही झालं तरी बाहेर यायचं नाही, असं दोनतीनदा बजावलं. सरांनी तीन महिने जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं मी एका सकाळी करून मोकळी झाले.

मुलं शहाण्यासारखी उभी राहिली. बॉल शेजारून गेला तरी हलली नाहीत. पालक खूश झाले, मोबाइल निघाले. डाव्या कोपऱ्यातल्या रिंगणात हिरल होती, बॅचमधली सगळ्यात लाजरी पोर. ती पायांची चुळबूळ करत होती, माझ्याकडे बघत होती आणि मी तिला तिथूनच हाताने 'उभी राहा' म्हणत होते. तिला शूला लागली होती. रिंगणातून बाहेर यायचं नाही म्हणून ती आली नाही. सगळ्यांसमोर, मोबाइल चालू असताना, रिंगणातली फक्की ओली झाली. कोणीतरी मोठं माणूस हसलं. हिरल रडलीसुद्धा नाही, नुसती उभी राहिली. मी जाऊन तिला उचलेपर्यंत ती त्या रिंगणातच होती. ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

ती पुढच्या दिवशी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कमिटीचे अध्यक्ष मेहता अंकल यांचा मेसेज आला की शनिवारी कमिटीची आणि पालकांची मीटिंग आहे आणि ह्या कोचचं काय करायचं ते ठरवायचं आहे. मी राजीनामा लिहून ठेवला. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण खरी भीती वेगळी होती : आपल्याला हे काम जमत नाही आणि आपल्यामुळे एक मूल मैदानाला घाबरून बसलं. राजीनामा सरांना वाचून दाखवला तर त्यांनी कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. ओरडले नाहीत. म्हणाले, मीटिंगला तू यायचं नाही, मी बघतो. तू त्याच वेळेला हिरलच्या घरी जायचंस.

"माफी माग," ते म्हणाले. "पन पैले पोरीची. आयशीची नंतर."

मी गेले. हिरल पलंगाच्या कडेला बसली होती. तिची आई जिग्नाबेन पाणी घेऊन आल्या. चेहरा कडक, पण पाणी दिलं. मी खाली फरशीवर बसले आणि हिरलला म्हटलं की माझं चुकलं, नियम वाईट होता. मग मी तिला विचारलं, चांगला नियम कोणता असेल, तू सांग. तिने विचार केला आणि हिंदीत सांगितलं, "सुसू आई तो पूछना नहीं, जाना." मी तो तिथेच वहीत लिहून घेतला आणि खाली तिला सही करायला लावली. तिने इंग्रजीत नाव लिहिलं, त्यातला आर उलटा. जिग्नाबेन पहिल्यांदा हसल्या. मंगळवारी हिरल मैदानावर आली आणि आल्या आल्या सगळ्यांना तो नियम सांगत सुटली. पुढे महिनाभर माझी अर्धी बॅच नियमाचा मनसोक्त फायदा घेत होती.

मीटिंगचं काय झालं विचारलं तर सर म्हणाले, मिटलं. मीही खोदून विचारलं नाही. माणूस सुटला की चौकशी करत नाही. दोन महिन्यांनी कळलं की सर कोचांचं शिबिर घेणं थांबवतायत. गुडघे दुखतात, असं सगळ्यांना सांगत होते आणि त्या गुडघ्यांकडे बघून ते कोणालाही पटलं असतं. क्लबने निरोप समारंभ केला. शाल मीच पांघरवली. भाषणही मीच केलं, चांगलं लांबलचक. सर खाली मान घालून हसत होते. मला वाटलं, लाजतायत.

त्याला पाच वर्षं झाली. मधल्या काळात मला पंधरावाले देऊ केले होते, ते मी घेतले नाहीत, का ते विचारू नका; सहावाल्यांनंतर मिळालेल्या नऊवाल्यांत जीव रमला. हिरल आता अकराची, उजवीकडून सुसाट पळते आणि रेफ्रीशी भांडते. मागच्या महिन्यात मॅच बघताना जिग्नाबेन माझ्या शेजारी उभ्या होत्या. गप्पांत सरांचा विषय निघाला. त्या म्हणाल्या, "सर अच्छे थे, लेकिन वो गोलेवाली बात उनको शोभा नहीं देती थी. छोटे बच्चों को खड़ा करने का आइडिया!" मी म्हटलं, कुणाचा आइडिया? त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. सरांनीच तर मीटिंगमध्ये सांगितलं होतं ना, की रिंगणं काढायला मी लावली, त्या कोच पोरीने फक्त माझं ऐकलं. जिग्नाबेनचे मिस्टर त्या मीटिंगला होते. मेहता अंकल म्हणाले होते की सर जुन्या वळणाचे, आता नव्या माणसाला शिबिर देऊया. सर बरं म्हणाले होते.

मॅचचा निकाल काय लागला मला आठवत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलं की लहान मुलाला एका जागी बांधू नका, त्याने पन्नास लोकांसमोर सांगितलं की मीच बांधायला लावलं. माझ्यासाठी त्यांनी दुसरं काहीही सोडलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

तशीच मुर्ध्याला गेले. सर ओट्यावर बसून सुकट निवडत होते. मी काय काय बोलले, थोडं भांडलेसुद्धा; असं कसं केलंत, मला का नाही उभं केलंत तिथे, मी सांगितलं असतं माझं चुकलं म्हणून. काकी चहा घेऊन आल्या आणि माझा आवाज ऐकून तशाच आत गेल्या. सरांनी माझं सगळं संपू दिलं. मग हातातली सुकट ताटात ठेवून म्हणाले, "पोरी, तू तवा तीन म्हयन्यांची कोच व्हतीस. तीन म्हयन्यांच्या पोराला कोन उभा करतंय का?"

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि वर बजावलं की आता हे कुठे बोलत बसू नको, झालं ते झालं. निघताना सुकटीची पुडीही दिली.

त्यांचं मी नेहमी ऐकते. ह्या एका बाबतीत ऐकलं नाही. पुढच्या रविवारी क्लबची वार्षिक सभा होती. अजून मेहता अंकलच अध्यक्ष आहेत. इतर विषय संपल्यावर मी हात वर केला आणि उभं राहून सगळं सांगितलं : फक्की कोणी आणली, रिंगणं कोणी काढली, बाहेर येऊ नका असं कोणी बजावलं आणि सरांनी आम्हाला खरं काय शिकवलं होतं. मागच्या रांगेत तावडे होते, त्यांनी चष्मा काढला. मेहता अंकल माणूस वाईट नाहीत, गोंधळून म्हणाले, "बेटा, पाँच साल पुरानी बात, आज क्यों बता रही हो?"

मी म्हटलं, "तेव्हा मी तीन महिन्यांची होते, अंकल. आता पाच वर्षांची झालेय."

त्यांना काही कळलं नाही. सेक्रेटरी पेन उचलून माझ्याकडे बघत होते, हे लिहायचं की नाही म्हणून. मी म्हटलं, लिहा, माझ्या नावासकट लिहा, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत मी उभीच राहिले.