कचरूच्या नावची पॉलिसी

धर्मपाल मुदतीच्या तापानं गेला तेव्हा मैनाच्या हाती दोन कागद उरले, आणि त्या दोघांचं आपसात पटेना! नगरपालिकेच्या दाखल्यावर मेलेला माणूस होता धर्मपाल. विम्याच्या पॉलिसीवर होता कचरू. अकोल्याच्या कापसाच्या जिनात कामाला असताना पंचावन्न साली त्यानं ती काढली. पुढच्याच वर्षी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि आधीची लेकरं जगत नव्हती म्हणून आईबापानं ठेवलेलं ते नाव फेकून दिलं. हप्ता सहा वर्षांत एकदाही चुकला नाही. पॉलिसीवरचं नाव बदलायचं मात्र गड्याच्या डोक्यातच आलं नाही. आता बोला!

विमा कचेरीतला बाबू भला होता. "बाई, भरलेले हप्ते तेवढे परत, असं नसतं इथं. माणूस मुदतीआधी गेला तरी हजार रुपये पूर्ण. शिवाय ही नफ्यात भाग असलेली पॉलिसी. जमलेला पैसा गुंतवून जो नफा होतो, त्यातला बोनस हिच्यावर चढत गेलाय. तोही तुमचाच. पण कचरू आणि धर्मपाल एकच, हे ठरू द्या. अर्जावर ओळख म्हणून ज्याची सही आहे, त्याला आणा."

सही जानरावची होती.

जानराव हिवरखेडचा, भाजीचा मळा करणारा, धर्मपालचा लहानपणापासूनचा दोस्त. दीक्षेनंतरही भर बाजारात "ए कचऱ्या!" अशी हाक मारायचा. धर्मपालनं दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा जे तोंड फिरवलं, ते मरेपर्यंत. आणि आता त्याच माणसाच्या दारात जायचं! पण पैसा आला नाही तर आठवीतली शालू शाळा सोडून कापूस वेचायला जाणार, हे मैनाला दिसत होतं. ती हिवरखेडच्या मोटारीत बसली.

जानराव वांगी तोडत होता. त्यानं सगळं ऐकलं, वर पाहिलंही नाही. "उद्या येतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोन मोटारी आल्या नि गेल्या. मैना स्टँडवरून हलली नाही. तिसरीतून तो उतरला, धुतलेलं धोतर नेसून.

बाबूनं धर्मपालचा फोटो पुढे सरकवला. "कोण हे?"

"धर्मपालजी."

अगं बाई, वर 'जी' सुद्धा!

"आणि आधीचं नाव?"

जानरावनं फोटो परत बाबूकडे सरकवला. मग म्हणाला, "सायेब, त्या नावापायी तो मले बोलेना झाला. मी थे नाव आता घेत नाई. मेल्यावरबी त्याले काहून दुखवू?"

"मग मला हा कागद परत पाठवावा लागेल," बाबू म्हणाला, आणि त्यानं पेनाला टोपण लावलं.

इतकी वर्षं अक्कल कुठं गेली होती रे जानराव तुझी? आणि आली तीही आजच? तिला त्या माणसाचा राग आला, रडू आलं, आणि शालूचं दप्तर डोळ्यापुढे आलं.

"भाऊ, घ्या नाव."

"नाई."

मैनानं संसारात नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. 'शालूचे बाबा' म्हणायची, नाहीतर नुसतं 'अहो'. तिनं पदर पुढे ओढला.

"कचरू," ती म्हणाली. "कचरूच नाव होतं त्यायचं. तुमी रोज हाका मारून राहिले होते. सांगा सायबाले."

जानरावचे डोळे भरले. "व्हय सायेब. कचरू. तोच हा धर्मपाल," तो म्हणाला. बाबूनं लिहून घेतलं, सही घेतली, शिक्का मारला. महिन्याभरात पैसे मिळतील म्हणाला.

बाहेर पायरीवर आल्यावर मैना थांबली. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, आणि घेतलं ते त्यानं टाकून दिलेलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"धर्मपाल," ती हळूच म्हणाली. "धर्मपाल."

जानराव खाली मान घालून आपल्या वहाणा शोधत राहिला.