सय्यदाच्या घरची ज्वारी

परंड्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली सय्यद शहाबुद्दीन अर्ज लिहायला बसत. निजामाच्या राज्यात अर्ज उर्दूत लागायचा, आणि अक्षर असं की वाचणारा आधी खूश व्हायचा, मग मजकूर बघायचा. राज्य गेलं, कचेरी मराठीत बोलू लागली आणि गिऱ्हाईक दुसऱ्या झाडाखाली गेलं. सय्यदसाहेब तरीही शेरवानी झटकून रोज तिथं जाऊन बसत. आमच्या आईला, सारजाबाईला, याचा फार राग यायचा. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळं तिकडची चूल पेटली नाही की आमच्याकडं कळायचंच. घरात बायको रुकय्याबी आणि दोन लहान पोरी.

मदत करावी तर पंचाईत. आईनं पायलीभर ज्वारी दिली, तर त्यांच्याकडून तांब्याची घागर आली. भेटीला परतभेट द्यायची ही त्यांची रीत. ईदेला कुणीतरी डाळ पाठवली, त्याच्या घरी गालिचा गेला. लोक जितकं देत तितकं घर रिकामं होई. आई म्हणाली, आता काही दिलं तर दाराची फळी निघून यायची.

राहिली जकात. नाक्यावरची नव्हे, त्यांच्यात ऐपतदारानं पिकातला, पैशातला ठरलेला वाटा गरिबाला द्यायचा असतो, ती. तो गरिबाचा हक्क, त्याची परतफेड नसते. पण सय्यद म्हणजे पैगंबरांच्या वंशातले, त्यांना जकात घेता येत नाही. गल्लीतल्या सगळ्यात भुकेल्या घराला हक्काचं दान तेवढं बंद. मला हे तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पुरतं पटत नाही.

एका सुगीत अवद चाऊश बैलगाडीत ज्वारीचं पोतं घालून आले. त्यांचे आजोबा अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आलेले. हे आता शेती करत. मुसलमानी धर्मकायद्याची मतं वेगवेगळी; चाऊश मंडळी शाफई मताची, बाकीचे गावातले मुसलमान सय्यदांसकट हनफी मताचे. पोतं जकातीचं होतं आणि चाऊशांनी ते लपवलं नाही. सय्यदसाहेब दारातूनच नाही म्हणाले. चाऊशांनी समजावलं, की पूर्वी सय्यदांना सरकारी खजिन्यातून वाटा मिळायचा म्हणून जकातीला मनाई होती. तो वाटा बंद पडल्यावर घ्यायला हरकत नाही असं आमच्यातल्याही काहींनी म्हटलंय, तुमच्यातल्याही.

"कुणीतरी म्हटलंय म्हणून मी पूर्वजांची मान खाली घालू?" सय्यदसाहेब म्हणाले.

पडद्याआडून रुकय्याबी बोलली, "चाऊशभाई, पोतं आत घ्या. मी सय्यद न्हाय. मी पठाणाची लेक हाय."

चाऊश गाडीकडं वळले आणि थांबले. माणूस भला, पण कायद्याला चिकट. त्यांच्या मतात बायकोचं पोट नवऱ्याच्या कमाईवर. नवरा पोसत असेल तर ती गरीब ठरत नाही, तिला जकात चालत नाही. तेव्हा विचारणं आलं. खाली बघतच त्यांनी विचारलं, "सय्यदसाहेब, तुम्ही हिला पोसता का?"

गल्ली ऐकत होती. हा एक प्रश्न कुणी विचारू नये म्हणून तर हा माणूस इतकी वर्षं शेरवानी घालून लिंबाखाली बसला होता. हो म्हटलं असतं तर पोतं परत गेलं असतं आणि अब्रू राहिली असती. पोरी उंबऱ्यात उभ्या होत्या. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखला.

"नाही," सय्यदसाहेब म्हणाले. "पोसत नाही."

चाऊशांनी पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन आत ठेवलं आणि गाडी हाकली.

भिंतीपलीकडं भाकरी झाली. सय्यदसाहेब म्हणाले, ज्वारी तुझी, तू खा; मला आणि माझ्या पोरींना ती हराम. रुकय्याबीनं त्यांना त्यांचीच गोष्ट सांगितली, दर जुम्म्याला गल्लीतल्या बायकांना ते सांगत ती. बरीरा नावाच्या गरीब बाईला दानात मांस मिळालं. पैगंबरांना स्वतःला दान चालत नसे, तरी त्यांनी त्यातलं मागितलं आणि म्हणाले, तिला ते दान, आपल्याला तिची भेट.

"मला जकात," ती म्हणाली. "तुमाला माझ्याकडून भेट."

मग सय्यदसाहेबांचा आवाज आला, "कबूल." निकाहानंतर हा शब्द त्यांनी बायकोसाठी पुन्हा उच्चारला असेल तो तेव्हाच. पोरींनाही तसंच म्हणायला लावलं. परतभेट मात्र त्यांनी दिली नाही. घरात द्यायला काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर रोज ताट ठेवताना ती म्हणायची, "माझ्याकडून," आणि ते म्हणायचे, "कबूल." आमच्या घरी त्यावरून जेवणाची वेळ कळायची.

पुढं जुन्या जमिनींचे उर्दू कागद मराठीत उतरवून द्यायचं काम त्यांना मिळालं. ज्वारी स्वतःच्या कमाईची येऊ लागली आणि चाऊशांचं पोतं दुसऱ्या घरी गेलं. एकदा रुकय्याबी ताट ठेवून आईशी बोलायला आमच्या अंगणात आली आणि बोलतच बसली. आई सहज तिकडं डोकावली. सय्यदसाहेब ताटासमोर हात मागं घेऊन बसले होते आणि भाकरी गार होत होती.

आई म्हणाली, "रुकय्या, जा बाई, त्यांना जेवू दे."

ती उठून गेली. "माझ्याकडून," असं तिचं ऐकू आलं, आणि मग त्यांचं, "कबूल."