घरपोच लिहिलं आणि माल बंदरात अडकला

मंडळी, बनारसी साड्या विणणारे सलीमभाई सकाळी आमच्या बनारसातल्या रामघाटच्या घरी आले. त्यांची वर्षभराची मेहनत परदेशातल्या बंदरात अडकली आहे, आणि दोष माझा.

विक्रीचा करार मीच लिहून दिला होता. इंग्रजी आपलं घरीच शिकलेलं. माल कुठवर पोचवायचा, तिथे मी ‘डीडीपी’ लिहिलं. म्हटलं, दारापर्यंत नेऊन देणं ही आपली रीतच आहे. पण त्या तीन अक्षरांनी तिकडचा आयात कर आणि परवानेही विकणाऱ्याच्याच गळ्यात पडतात, हे आज कळलं. खरेदीदार हात झटकून मोकळा!

सलीमभाई रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काका, अब जो चिट्ठी लिखनी हो, आप ही लिख दीजिए."

अजूनही मलाच सांगतात हो! काय लिहू मी?