निळ्या खडूचा पी

आमच्या सिस्टरना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, सुई टोचलेले दंड मात्र राहत. उदगीरला माझ्या पुतण्याच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी नवरदेवाला वाकवून विचारलं, "गोवराचा डोस घेतलास का रे शेवटी? तुझी माय तुला घेऊन तुरीत पळाली होती." मंत्र म्हणणारे स्वामी थांबले. नवरदेव "हाव" म्हणाला, तेव्हा कुठं लग्न लागलं. एसटीत लशीचा डबा त्या सावलीच्या बाजूच्या सीटवर बसवत. कंडक्टरनं एकदा चिडवलं, "ह्याचं तिकीट?" तर म्हणाल्या, "त्यो पाच वर्षांच्या आतला हाय!"

देवणीजवळच्या आमच्या गावात, उपकेंद्राच्या भिंतीवर त्यांचा तक्ता होता. शंभरातली किती लेकरं सगळ्या लशी घेऊन झाली, त्याचा दर वर्षी एक ठिपका. बाया लेकरं कणगीआड लपवत, तेव्हाचे ठिपके तळाशी. मग रेघ चढत चढत वरच्या कडेला भिडत आलेली. मी धान्याच्या मोंढ्यात पोती उचलून, भाव तोडून दुकानदार झालेला माणूस. एका जुन्या वर्षाचा ठिपका कडेच्या जरासा खाली होता. एकदा म्हटलं, "सिस्टर, शंभर करून टाका की. कोण बघून राहिलंय?"

"आप्पा, तुमच्या तुरीत खडे खपतात. माझ्यात न्हाई."

मी दोन महिने बोललो नाही.

पण माझा खरा राग जुना होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा. पोलिओच्या दिवशी ज्या घरचं लेकरू राहिलं, त्याच्या दारावर खडूनं फुली मारत; सगळी झाली असतील तर पी. माझी धाकटी लेक आजोळी, नांदेडला जन्मली, तिचे डोस अर्धेच झालेले. त्या दिवशी ती तापली होती आणि मीही. मी पथकाला हाकललं. सिस्टरनी दारावर ढळढळीत फुली मारली, तीही बाजाराच्या दिवशी! दुकानदाराच्या दारावर फुली? मी ती पुसली आणि पोत्यांवर नंबर टाकायच्या निळ्या खडूनं ऐटीत पी काढला. दुसऱ्या दिवशी फुलीची घरं शोधत आलेलं पथक तो पी बघून पुढं गेलं.

महिन्याच्या आत धाकटीचा उजवा पाय लुळा पडला.

चौकशीला साहेब यायच्या आधी सिस्टर आल्या. दाराकडे बघितलं. गावात निळा खडू एकाच दुकानात होता. त्यांनी पदर ओला केला आणि तो पी पुसून टाकला. साहेबानं विचारलं, "हे घर सुटलं कसं?"

"माझ्याकडून राहिलं, साहेब."

अख्ख्या गल्लीसमोर त्यांना झाडलं. मी उंबऱ्याच्या आत गप्प उभा होतो.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. धाकटी आता लातूरला क्लासात गणित शिकवते. निरोपाला ती आली होती. तक्त्यापुढं जाऊन उभी राहिली. मग त्या जरा खालच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "सिस्टर, ही मी ना?"

"हाव माय. तूच."

एवढंच. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझी तक्रार आहे ती हीच. त्यांनी एकदा तरी मला बोलायचं होतं. मी भांडलो असतो, आवाज चढवला असता, आणि कदाचित भांडता भांडता माझ्या तोंडून खरं निघालं असतं.

उपकेंद्राला तीन पायऱ्या आहेत. उतरताना सिस्टरनी धाकटीचा दंड धरला होता. मी मागून दोघींच्या चपला घेऊन चाललो.