पारूताईचा प्रश्न

आज दवाखान्यात कुणाच्या तरी पिशवीतून सुक्या बोंबलांचा वास आला आणि मला भाईंदरच्या कोळीवाड्यातली पारूताई आठवली.

दीड महिन्याच्या लेकीला ती डांग्या खोकल्याच्या लशीच्या पहिल्या डोससाठी घेऊन आली होती. "डॉक्टर, ताप येल का?" बाहेर गर्दी होती. "काही होत नाही," म्हणत मी सुई टोचली.

पुढच्या डोसला ती आली नाही. आली ती थेट डांग्या खोकल्यानं निळी पडलेली पोर छातीशी धरून.

"तुमी बोललेले, कायच होनार न्हाय. मंग पोर तापली तवा मना वाटला, सुईच वाईट लागली."

पोर वाचली. 'काही होत नाही' म्हणून मी पारूताईला धीर दिला, असंच मला सुई टोचताना वाटलं होतं. त्या लशीनं ताप येतो, हे मला माहीत होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.